दोन तारखांमधली फट : ‘डर्टी काऊ’ आणि दुरुस्तीचा इतिहास

१/२४
इतिहासाची साधने म्हटली की डोळ्यांसमोर मोडी कागद, ताम्रपट आणि शिलालेख येतात. आजच्या धाग्यातले साधन निराळे आहे. ते संगणकावरच जन्मले, त्यातल्या प्रत्येक नोंदीला तारीख आणि लेखकाचे नाव आहे, आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येते. हे साधन म्हणजे लिनक्स कर्नेलमधल्या बदलांची नोंदवही. तिच्यात २००५ ते २०२२ या काळात एकाच दोषाची पुनःपुन्हा झालेली दुरुस्ती नोंदलेली आहे. तिची ही हकीकत.

२/२४
प्रथम थोडी ओळख. कर्नेल (सैन्यातला कर्नल नव्हे) हा संगणकप्रणालीचा गाभा. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, कोणी काय वाचायचे, कोणी कुठे लिहायचे, हे तोच ठरवतो. जगातल्या बहुसंख्य सर्व्हरांवर आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचे कर्नेल असते. म्हणून त्यातली चूक एका यंत्रापुरती राहत नाही.

३/२४
कर्नेल मेमरीची ‘पाने’ पाडतो. बहुतेक संगणकांवर साधे पान ४ किलोबाइटचे असते. शंभर प्रोग्राम एकच फाइल वाचत असतील तर शंभर प्रती केल्या जात नाहीत. सर्वांना तेच पान दाखवले जाते. एखाद्याला त्यात स्वतःपुरता बदल करायचा असेल, तर लिहिण्याच्या क्षणी त्याला त्या पानाची खासगी प्रत मिळते. या युक्तीचे नाव ‘कॉपी ऑन राइट’. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार होतो ‘काऊ’, म्हणजे गाय. आपल्या कथेतली गाय ती हीच.

४/२४
ज्यांनी पुराभिलेखागारात काम केले आहे त्यांना पुढचे उदाहरण चटकन पटेल. मूळ कागदावर लिहिण्यास तिथे सक्त मनाई असते. समजा, एक वाचक म्हणतो, “मला या कागदावर लिहायचे आहे.” कारकून पाहतो : याला मूळ कागदावर लिहिण्याची परवानगी आहे का? नाही. म्हणून तो झेरॉक्स काढतो आणि वाचकाच्या नावाच्या कप्प्यात ठेवतो. इथवर सारे यथास्थित.

५/२४
आता झेरॉक्स निघाली, म्हणजे परवानगीचा प्रश्न मिटला असे समजून कारकून तो प्रश्न आपल्या चिठ्ठीवरून खोडतो. ‘कागद आणून द्यायचा’ एवढेच काम चिठ्ठीवर उरते. तो पाठमोरा असताना वाचकाचा जोडीदार कप्प्यातली झेरॉक्स कचऱ्यात टाकतो. त्याला तो हक्क आहे. झेरॉक्स त्यांचीच आहे. कारकुनाला कप्पा रिकामा दिसतो. तो कपाटातून मूळ कागद काढतो आणि हाती पेन धरून बसलेल्या वाचकापुढे ठेवतो.

६/२४
‘डर्टी काऊ’ हा दोष नेमका असाच होता. एकाच प्रोग्रामचे दोन धागे समांतर चालत. पहिला, केवळ वाचनासाठी उघडलेल्या फाइलच्या पानावर कर्नेलमार्फत लिहू पाहत असे. ही सोय मुळात डीबगरसारख्या साधनांसाठी होती आणि तिच्यात खासगी प्रत होणे अपेक्षित होते. दुसरा धागा कर्नेलला सतत सांगत असे, “माझी प्रत मला नको, टाकून दे.” या दोहोंच्या वेळा नेमक्या जुळल्या की लेखन मूळ पानावर होई. अशा वेळेच्या चढाओढीला संगणकशास्त्रात ‘रेस कंडिशन’ म्हणतात. आपण तिला शर्यत म्हणू.

७/२४
परिणाम गंभीर होता. ज्या फाइली सामान्य वापरकर्त्याने फक्त वाचायच्या, त्या त्याला बदलता येत. त्यांत खात्यांची यादी असलेली फाइल आली, तसेच प्रशासकाच्या अधिकाराने चालणारे प्रोग्रामही आले. म्हणजे साधे खाते असलेला कोणीही काही क्षणांत संपूर्ण यंत्राचा धनी होऊ शके. शिवाय सगळी पावले नियमांच्या आतली असल्याने यंत्राच्या नेहमीच्या नोंदींत संशयास्पद असे फारसे काही उमटत नसे.

८/२४
आता इतिहास. ऑगस्ट २००५. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ही शर्यत ओळखून एक दुरुस्ती केली. तिचा आशय असा : पानावर लिहिण्याची परवानगी आहे का, एवढेच पाहू नका; ‘या पानावर लेखन झाले आहे’ अशी खूण पानाच्या नोंदीत आहे का, ते पाहा. या खुणेला ‘डर्टी बिट’ म्हणतात. आपल्या उदाहरणात ती झेरॉक्सवरची शाई. शाई लागलेली असेल तर ती प्रतच असणार, मूळ कागद नव्हे, हा त्यामागचा तर्क.

९/२४
तर्क चांगला होता, पण तो एका यंत्रावर अडला. आयबीएमच्या मोठ्या मेनफ्रेम संगणकांच्या एस-३९० या रचनेत ती खूण पानाच्या नोंदीत लिहिलीच जात नसे; ती प्रत्यक्ष मेमरीच्या तुकड्याला जोडलेल्या वेगळ्या किल्लीत राही. त्यामुळे त्या यंत्रावरचा कारकून नोंदवहीत शाईची खूण शोधे, त्याला ती सापडत नसे, तो पुन्हा फेरी मारी, पुन्हा शोधे. या फेऱ्यांना अंतच नव्हता.

१०/२४
काही दिवसांतच दुरुस्ती मागे घेतली गेली आणि तिच्या जागी दुसरी व्यवस्था आली : एकदा प्रत तयार झाली की परवानगीचा आग्रह सोडून द्यायचा. पाचव्या टिपणातला प्रश्न खोडणारा कारकून तो हाच. यंत्रे अडकण्याचे थांबले. शर्यतीची फट मात्र पुन्हा उघडी झाली.

११/२४
इथे क्षणभर थांबू. दोन दोष समोर होते. एक बोलका : यंत्र अडकते, लोक तक्रार करतात. दुसरा मुका : लाखो वेळा काहीच होत नाही, आणि झालेच तरी कोणाच्या लक्षात येत नाही. बोलक्या दोषाची चाचणी यंत्र स्वतःच घेत होते. मुक्या दोषाची चाचणी घेणारे कोणीच नव्हते. दोहोंत निवड करायची वेळ आली तेव्हा बोलक्याची सरशी झाली.

१२/२४
यात कोणाला दोषी धरण्याची घाई करू नये. कालविपर्यास हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. घरगुती संगणकांत दोन गाभ्यांचे प्रोसेसर बाजारात आले तेच मुळी २००५ साली. दोन धागे खरोखर एकाच क्षणी धावण्याचा प्रसंग सामान्य यंत्रावर तेव्हा विरळ होता. ही शर्यत केवळ सैद्धांतिक आहे हे मत २००५ मध्ये वाजवीच होते. पुढे कर्नेलची मेमरी-व्यवस्था अधिक समांतर झाली, प्रोसेसरांचे गाभे वाढले आणि ते मत हळूहळू खोटे ठरत गेले. संकेतावलीची ओळ तीच राहिली. तिच्या भोवतालचे जग बदलले.

१३/२४
जुलै २००७ मध्ये आलेल्या २.६.२२ या आवृत्तीपासूनची कर्नेले सर्वसाधारणपणे बाधित धरली जातात. २०१६ मध्ये फिल ओस्टर या लिनक्स-तज्ज्ञाच्या देखरेखीखालच्या एका सर्व्हरवर हल्ला झाला. सर्व्हरकडे येणारी सारी वेब-वाहतूक नोंदवून ठेवण्याची त्यांची सवय होती. त्या साठ्यातून त्यांनी हल्लेखोराचा प्रोग्राम बाहेर काढला, तो चालवून पाहिला आणि कर्नेलच्या विकासकांना कळवले. म्हणजे विकासकांना दोष कळण्याआधीच तो कोणीतरी वापरत होते. तो उघडकीस आला एका जपून ठेवलेल्या दप्तरामुळे.

१४/२४
ऑक्टोबर २०१६. टॉरवाल्ड्स यांनी नवी दुरुस्ती लिहिली. तिच्यासोबतची नोंद अस्सल कागदाच्या तोलाची आहे. हा जुनाट दोष आपणच अकरा वर्षांपूर्वी एकदा, आणि तोही वाईट रीतीने, दुरुस्त करू पाहिला होता. एस-३९०च्या अडचणीमुळे तो बदल मागे घेतला गेला. ती अडचण मध्यंतरी दूर झाली. आणि तेव्हाची सैद्धांतिक शर्यत आता सहज घडवता येते, असा कबुलीजबाब तिच्यात आहे. स्वतःच्या चुकीचा इतका नेमका, तारखेसह दाखला देणारे साधन इतिहासकाराला क्वचितच लाभते. २० ऑक्टोबरला ४.८.३, ४.७.९ आणि ४.४.२६ या दुरुस्त आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या.

१५/२४
नवी दुरुस्ती काय होती? कारकुनाने परवानगीचा प्रश्न खोडायचा नाही. त्याऐवजी चिठ्ठीवर वेगळी टीप करायची : ‘झेरॉक्स काढली आहे.’ आणि कागद वाचकापुढे ठेवण्याआधी ती टीप अजून खरी आहे का हे तपासायचे, म्हणजे हातातल्या कागदावर शाईची खूण आहे का ते पाहायचे. टीप आणि खूण दोन्ही असतील तरच लिहू द्यायचे. प्रत मध्येच फेकली गेली, तर मूळ कागदावर शाई नसल्याने कारकून थांबतो आणि नवी प्रत काढतो.

१६/२४
पण अशी दुरुस्ती तपासायची कशी? साध्या चुकीची चाचणी सोपी : तेच करा, चूक दिसते का पाहा. शर्यतीचे तसे नाही. समजा, एका प्रयत्नात ती घडण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. दहा लाख प्रयत्न केले, तरी ती एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. ती ५ टक्क्यांवर आणायला तीस लाख प्रयत्न लागतात. चाचणी शांतपणे पार पडली, एवढ्यावरून दोष गेला असे म्हणता येत नाही. पुरावा सापडला नाही म्हणून घटना घडली नाही असे ठरत नाही, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. इथे तो नियम आकड्यांत मांडलेला दिसतो.

१७/२४
म्हणून शर्यतीच्या दुरुस्तीची चाचणी दुहेरी असावी लागते. आधी जुन्या, दुरुस्त न केलेल्या कर्नेलवर दोष घडवून दाखवायचा, वारंवार, हुकमी. त्यानंतर तोच प्रयोग नव्या कर्नेलवर करायचा आणि तिथे तो घडत नाही हे पाहायचे. पहिला अर्धा भाग नसेल तर दुसऱ्याला अर्थ नाही. ‘डर्टी काऊ’च्या प्रसिद्ध प्रात्यक्षिकात दोन्ही धागे आपापली कृती दहा कोटी वेळा करतात ती यासाठीच. फट अधिक रुंद करण्याचीही युक्ती आहे : दोन पावलांच्या मध्ये मुद्दाम विलंब घालायचा, म्हणजे दुर्मीळ क्षण ताणून लांबवता येतो. टॉरवाल्ड्स यांच्या नोंदीत दोष कळवणारा आणि दुरुस्ती तपासणारा म्हणून एकच नाव आहे, ओस्टर यांचे. ज्याच्या हाती हल्ल्याचा प्रोग्राम, त्याच्याच हाती चाचणी.

१८/२४
गोष्ट इथे संपायला हवी होती, संपली नाही. कर्नेलमध्ये साध्या पानांखेरीज ‘महापाने’ही असतात, नेहमीच्या पीसीवर असे एक पान २ मेगाबाइटचे, म्हणजे ५१२ साध्या पानांएवढे. नवा नियम साध्या पानांच्या संकेतावलीत लिहिला गेला, महापानांच्या संकेतावलीत राहून गेला. परिणाम? तशा पानांवर लिहू पाहणारा कारकून पुन्हा अंतहीन फेऱ्या मारू लागला. २००५ मध्ये एस-३९०वर दिसले होते तेच लक्षण, निराळ्या कारणाने. २०१७च्या आरंभी नियम महापानांनाही लागू केला गेला.

१९/२४
आणि त्यातूनच पुढची फट पडली. महापानांच्या संकेतावलीत एक जुनी रीत होती : पानाला नुसता स्पर्श झाला तरी त्यावर ‘लेखन झाले’ ही खूण करायची. ही खूण पुरावा म्हणून कोणी वापरत नव्हते तोवर ती रीत निरुपद्रवी होती. आता त्याच खुणेवर परवानगी मिळू लागली. नोव्हेंबर २०१७ मध्ये बाइंडेसी या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की, सर्व प्रोग्रामांना ‘सारे शून्य’ म्हणून दिले जाणारे सामाईक महापान यामुळे बदलता येते. शून्य समजून वाचावे आणि भलतेच हाती यावे! ‘ह्यूज डर्टी काऊ’ असे त्या दोषाचे नाव पडले आणि स्पर्शाबरोबर खूण करण्याची रीत बंद झाली.

२०/२४
ऑगस्ट २०२२. रेड हॅटचे विकासक डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी आणखी एक प्रसंग उघड केला. सामाईक मेमरीच्या संकेतावलीत मध्यंतरी एक बदल झाला होता. त्यामुळे काही पाने केवळ वाचनासाठी जोडली तरी त्यांवर लेखनाची खूण आपोआप होऊ लागली. बदल करणाऱ्याच्या दृष्टीने तो निर्दोष होता. पण त्या खुणेवर दुसरीकडे एक कारकून विसंबून आहे, हे त्या बदलात कुठेच दिसत नव्हते. मेमरीत राहणाऱ्या तात्पुरत्या फाइलींपुरती का होईना, गाय परतली होती.

२१/२४
आता २००५, २०१७ आणि २०२२ एका ओळीत ठेवून पाहा. तिन्ही वेळा अडचण एकाच ठिकाणी आली, ती शाईच्या खुणेत. एकदा खूण नोंदीत नव्हतीच. एकदा ती स्पर्शाने उमटली. एकदा ती सरसकट उमटली. खूण मुळात निराळ्या हेतूची होती : बदललेले पान डिस्कवर उतरवायला विसरू नये, एवढ्याचसाठी. तिला ‘ही खासगी प्रत आहे’ याचा पुरावा मानले गेले. साधनचिकित्सेत आपण हेच विचारतो : कागद कोणी, कशासाठी लिहिला, आणि आपण त्याच्याकडून भलतीच साक्ष तर काढत नाही ना? करवसुलीच्या यादीवरून लोकसंख्या काढता येते. पण करमाफीचा नियम बदलला, की यादी तीच दिसते आणि साक्ष खोटी पडते.

२२/२४
यंत्रे ही चिकित्सा करू शकत नाहीत का? काही अंशी करतात. २००६ मध्ये आलेले ‘लॉकडेप’ कुलुपांच्या क्रमावरून संभाव्य कोंडी ओळखते, ती प्रत्यक्ष घडण्याआधीच. २०२० मध्ये कर्नेलमध्ये दाखल झालेले ‘केसीसॅन’ एका धाग्याला क्षणभर रोखून त्याच जागी दुसरा कोणी हात घालतो का, हे पाहते. पण ‘डर्टी काऊ’मध्ये प्रत्येक पाऊल आपापल्या कुलुपाच्या आत, रीतसर पडत होते. चूक होती दोन पावलांच्या मधल्या समजुतीत. अशी समजूत माणसालाच शोधावी लागते, आणि सापडल्यावर चाचणीच्या रूपाने लिहून ठेवावी लागते.

२३/२४
हिल्डेनब्रँड यांच्या दुरुस्तीने खुणेचा आधारच सोडला. कारकून आता थेट प्रश्न विचारतो : हे पान याच प्रोग्रामच्या एकट्याच्या मालकीचे, खासगी पान आहे का? तशी मालकी नोंदवणारी स्वतंत्र खूण त्याच वर्षी कर्नेलमध्ये आली होती. अप्रत्यक्ष पुराव्याच्या जागी प्रत्यक्ष पुरावा आला, आणि २०१६ मधली ‘झेरॉक्स काढली आहे’ ही टीप कायमची रद्द झाली. त्याच सुमारास त्यांनी कॉपी ऑन राइटच्या निरनिराळ्या प्रसंगांसाठी चाचण्यांचा एक संचही कर्नेलच्या स्वतःच्या चाचण्यांत भरला.

२४/२४
लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट या जुन्या चाचणीसंग्रहात आज २०१६, २०१७ आणि २०२२ या तिन्ही दोषांच्या वेगवेगळ्या चाचण्या आहेत. २००५ची तेवढी नाही. त्या वर्षी मुक्या दोषाची एखादी चाचणी लिहिली गेली असती, तर दुरुस्ती मागे घेताना ती कोणाला तरी अडवू शकली असती. २०१६ची दुरुस्ती आज कर्नेलमध्ये उरलेली नाही. तिची चाचणी मात्र आहे. नवे कर्नेल आले की ती चालवली जाते, दोन धागे पुन्हा शर्यतीला सोडले जातात, आणि मूळ कागद कोरा राहिला का, एवढेच पाहिले जाते.